न दुखणारी दाढ



दोन महिने इथे काही लिहिलं नाही. काहींनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" आता बरी आहे. जबड्यात एक गाठ निघाली होती, ती काढली. म्हणून आज भाजणीऐवजी दाढेचंच लिहिते.

चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी दात भरायला गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "डावीकडची खालची अक्कलदाढ वर आलेली नाही. एकदा ओपीजी काढा." ओपीजी म्हणजे अख्ख्या जबड्याचा एकच एक्स-रे. दुखत तर नव्हतं. घरी सासूबाई म्हणाल्या, "आली नाही तेच बरं, तुला अक्कल पुष्कळ आहे." सगळे हसलो आणि ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये गेली. शेंद्र्याहून शहरात जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि स्वतःच्या कामासाठी अर्धा दिवस कोण काढतं?

यंदा आषाढात त्याच बाजूची शेजारची दाढ हलायला लागली. तेव्हा गेले. फोटोत माझी अक्कलदाढ हाडात आडवी झोपलेली दिसली आणि तिच्या डोक्याभोवती मोठ्या सुपारीएवढा काळा गोल. तिथलं हाड नाहीसं झालं होतं.

ओरल सर्जनने कागदावर चित्र काढून समजावलं. प्रत्येक दात हाडात एका पातळ पिशवीत तयार होतो. दात वर आला की पिशवीचं काम संपतं. दात अडकून राहिला तर पिशवीही राहते. बहुतेकांच्या बाबतीत ती तशीच निमूट असते. काहींच्या मात्र दाताचं डोकं आणि पिशवी यांच्यामध्ये पाणी साचत जातं, पिशवी फुगते आणि हाड झिजत मागे सरतं. याला डेंटिजेरस सिस्ट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेला ही सगळ्यात जास्त होते, त्याखालोखाल वरच्या सुळ्याला. पू झाला नाही तर दुखत नाही. जबडा इतका पातळ होऊ शकतो की साध्या धक्क्यानेही मोडावा, तरी बाईला पत्ता नसतो.

इथवर मी शांत होते. मग त्यांनी तपासणीच्या फॉर्मवर एक शब्द लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं: अमेलोब्लास्टोमा. हा ट्यूमर. सहसा कॅन्सर नसतो, पण जबडा खात जातो, काढला तरी परत येतो, कधी जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. केराटोसिस्ट नावाची आणखी एक परत येणारी गाठ असते. तिला जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये ट्यूमर म्हटलं आणि 2017 मध्ये पुन्हा सिस्टच्या यादीत घातलं! मोठ्यांचीही अशी गत, तर माझी काय कथा. एक्स-रेवर तिन्ही सारख्या दिसू शकतात. म्हणून काढलेली पिशवी बायोप्सीला पाठवायचीच.

दशलक्षण तोंडावर होतं आणि मी दहा एकाशनं ठरवली होती. विचारलं, "पर्व झाल्यावर केलं तर?" डॉक्टर म्हणाले, "तीन आठवड्यांनी फार फरक पडणार नाही. पण दोन वर्षं तुम्ही आधीच घालवलीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. श्रावण वद्यात ऑपरेशन ठरलं.

आता आपल्यातली गोष्ट. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते, लाजले नाही. रक्त थांबवायला जखमेत स्पंज ठेवतात, तो बहुधा डुकराच्या कातडीच्या जिलेटिनचा असतो. त्याऐवजी वनस्पतीच्या सेल्युलोजचा मिळतो. टाक्यांना काळा रेशमी दोरा वापरायची पद्धत आहे, मला आपोआप विरघळणारा कृत्रिम दोरा घातला. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणून गोळी मागितली, आणि तीही दोनदा घ्यायची: सकाळी सात आणि संध्याकाळी सव्वासहा. डॉक्टर म्हणाले, "हे आधी सांगितलंत ते बरं केलंत, टेबलावर झोपल्यावर काही बदलता येत नाही." जखम हाडाने आपणहून भरेल, बाहेरचं हाड नको, हे ऐकून हायसं वाटलं.

जेवणाला सगळे सांगत, बटाटा कुस्करून खा! मी मुगाचं पातळ वरण, मऊ भात, दुधीचं सूप आणि रव्याची खीर यांवर दिवस काढले. ताक वेगळ्या वेळी, द्विदल नको म्हणून. मंदिरात बाकीच्या उपवास करत आणि मी दिवसातून चारदा खात होते. कुणी काही बोललं नाही, तरी पायरी चढताना मला अवघडायचं. पुस्तक घेऊन मागच्या खांबाशी बसायचे.

रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी मुलीच्या लग्नासाठी जपलेल्या बांगड्या दोनदा काढून पाहिल्या. का, ते विचारू नका.

रिपोर्ट आला: डेंटिजेरस सिस्ट. प्रश्नचिन्ह गेलं. दाढेखालून ओठाची नस जाते, त्यामुळे डावा खालचा ओठ अजून थोडा बधिर आहे, गरम चहाचा अंदाज येत नाही. हे होऊ शकतं असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. गाठ लहान असती तर धोकाही कमी असता. सहा महिन्यांनी पुन्हा ओपीजी आहे. ती चिठ्ठी या वेळी ड्रॉवरमध्ये नाही, फ्रिजवर लावली आहे.

परवा करमाडहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. "अगं, माझीही एक दाढ कधी आलीच नाही. पण दुखत नाही काही."

मी म्हटलं, "ताई, उद्या सकाळच्या गाडीने निघा. शेंद्र्याला मी चढते, खिडकीची जागा धरून ठेवा."