जाता जाता थंडी

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघते आणि उरलीसुरली होळीत जळते, असा जुन्या माणसांचा हिशेब. धाराशिवात तिला एवढी सवलतही मिळत नाही. संक्रांत उलटली की दुपारचे ऊन पाठीला चावू लागते, रस्त्याकडेला रसवंत्या उभ्या राहतात, स्वेटर धुऊन ट्रंकेत जातात. आणि नेमकी तेव्हाच, फेब्रुवारीच्या मध्याला, कुठूनतरी बातमी येते: उत्तरेत बर्फ पडतोय, वारे फिरणार, जाता जाता थंडी एक तडाखा देऊन जाणार. बहुतेक लोक 'हो का' म्हणतात आणि कामाला लागतात. काहींच्या मात्र अंगात येते. मी त्या काहींपैकी.

आमची जात सगळीकडे सापडते, टपरीवर, बँकेत, शिक्षकांच्या खोलीत. चहाच्या आधी तापमानाचे आकडे बघणारी. 'परभणी किती?' 'निफाड?' 'अन् आपलं?' परभणीचे आकडे दोन असतात, कृषी विद्यापीठाचा एक आणि हवामान खात्याचा एक. विद्यापीठाचा बहुधा खाली असतो, म्हणून आमचा विश्वास त्याच्यावर. निफाडचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतो. 2018 च्या डिसेंबरअखेर तो 2 अंशांच्या खाली उतरला, तेव्हा तिथले द्राक्ष बागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसले होते आणि आम्ही इकडे रजईत बसून हरखत होतो. विक्रम तर तोंडपाठ. पुणे, 17 जानेवारी 1935, 1.7. नाशिक, 7 जानेवारी 1945, शून्याच्या खाली 0.6. मुंबई, 22 जानेवारी 1962, 7.4.

पण हे सगळे जानेवारीचे. जानेवारीत थंडी पडली तर त्यात तिने काय मोठे केले? खरी मजा उशिराच्या थंडीत आहे, आणि हे नुसते आमचे खूळ नव्हे, हवामान खात्याच्या नियमातच ते बसते. सपाटीवर किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीहून निदान साडेचार अंशांनी कमी असले की खाते त्याला शीतलहर म्हणते. आता आमच्याकडे डिसेंबरात मुळात सरासरीच खाली. 10 अंश झाले तरी लाट ठरायला फरक पुरत नाही. तेच 10 अंश फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आले, तर साधी नव्हे, तीव्र लाट ठरते. म्हणजे आकडा तोच, पण वेळ चुकवून आला की त्याचा मान वाढतो. पाहुण्यांच्या बाबतीत याच्या उलट असते, ते सोडा.

आता मनातले सांगतो. आम्हा लोकांना नुसती थंडी नको असते. कुणी उघड बोलत नाही, पण रात्री मोबाइलवर 'विंडी' या हवामानाच्या ॲपचे रंग सरकवताना प्रत्येकाला मनात एकदा तरी वाटून गेलेले असते की एखाद्या साली, एका रात्रीपुरता, इथे बर्फ पडला तर? तुळजापूरच्या घाटात, नळदुर्गच्या बुरुजांवर, रामलिंगच्या जंगलात. हसू येते, तरी वाटते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी बोटींच्या फळ्यांवर दव गोठले की पेपरात 'मिनी काश्मीर' छापून येते आणि आम्ही तो फोटो बोटांनी मोठा करून पाहतो: खरेच पांढरे आहे का? ते आकाशातून पडलेले नसते. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते, गवताचे पाते हवेपेक्षाही गार पडते, आणि चार फुटांवरच्या पेटीतला तापमापक 4-5 अंश दाखवत असताना खाली पात्यावरचे दव गोठून बसते.

बर्फ आमच्याकडे का पडत नाही, याचे सोपे उत्तर कुणीही देईल. अठरा अक्षांशावर, बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर बसलेला हा मुलूख. इथे कसला बर्फ? पण मला भुरळ पडते ती त्यातल्या एका पेचाची. आमची थंडी निरभ्र आभाळाची थंडी आहे. उत्तरेकडून कोरडा वारा येतो, आभाळ स्वच्छ होते, चांदणे लखलखते, आणि दिवसभराची ऊब रात्रीतून निघून जाते. पहाटे येडशीकडून मोटारसायकलवर या. रस्ता जिथे ओढ्यासाठी खाली उतरतो तिथे गारठा गुडघ्याला अचानक झोंबतो, पूल ओलांडून चढाला लागले की सुटतो. जड झालेली गार हवा उतारावरून ओघळून तळाशी साचलेली असते. बर्फाला मात्र ढग लागतात. आणि ढग आले की ते जमिनीवर गोधडी पांघरतात, ऊब अडकते, पारा चढतो. म्हणजे ज्या रात्री पुरेशी थंडी असते त्या रात्री ढग नसतात आणि ज्या रात्री ढग असतात त्या रात्री थंडी नसते. दोघांची भेट जमिनीवर कधी होतच नाही.

ती होते वर. चार-साडेचार किलोमीटर वर.

उन्हाळ्याच्या तोंडाशी भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी चक्रावात हिमालयात बर्फ टाकत पुढे जातात. त्यातला एखादा जरा जास्त दक्षिणेला कलला की वरच्या थरातली गार हवा महाराष्ट्राच्या डोक्यावर येते. खाली जमीन तापू लागलेली, आणि बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प ओढले जाते. मराठवाडा मध्ये सापडतो. दुपारी चारच्या सुमाराला नैर्ऋत्येला एक ढग उभा राहतो, वर जातो, आणखी वर जातो, त्याचा माथा ऐरणीसारखा पसरतो. आत वारा इतक्या जोराने वर चढत असतो की गोठलेले थेंब खाली येऊच शकत नाहीत. ते पुन्हा वर फेकले जातात, अंगावर पाणी चढते, गोठते, पुन्हा चढते. शेवटी वजन वाऱ्याला पेलेनासे होते. पावसाळ्यात एवढे ढग येतात पण गारा फारशा पडत नाहीत, कारण तेव्हा गोठणरेषा बरीच उंच असते आणि वाटेत सगळे वितळून जाते. फेब्रुवारी-मार्चात ती खाली आलेली असते. आमच्या वाट्याचा बर्फ हा असा येतो.

2014 साली तो आला. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झाले ते मार्चच्या मध्यापर्यंत थांबले नाही. एका दुपारचे वादळ सगळ्यांनी पाहिलेले असते. दोन-तीन आठवडे रोज कुठे ना कुठे गारपीट, हे जुन्या माणसांच्याही आठवणीत नव्हते. राज्यातले 28 जिल्हे, अठरा लाख हेक्टरांच्या आसपासचे पीक. आमच्या जिल्ह्यात ज्वारी काढणीला आलेली, हरभऱ्याचे घाटे भरलेले, द्राक्षाचे घड गोडीवर. त्यात निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागलेली; मदत द्यायची तर आयोगाची परवानगी लागणार. फोटोत शिवारे पांढरीफेक दिसत होती. बांधाला गारांचे ढीग, कडुनिंबाखाली मेलेले पोपट, आणि मागे एकही पान न उरलेली बाग, नुसते मांडव आणि तारा. पेपरवाल्यांनी इथेही काश्मीर छापले.

माझा एक मामेभाऊ तुळजापूरच्या बाजूला द्राक्षे करतो. सोनाका आणि माणिक चमन. त्या वर्षी गारा थांबल्यावर अर्ध्या तासाने मी त्याच्या बागेत उभा होतो. घड जागेवर होते. लांबून पाहिले तर काही झाले नाही असेच वाटावे. हातात घेतल्यावर कळले, वरच्या बाजूच्या प्रत्येक मण्याला एक बारीक चीर, तिच्यातून रस येऊन घडावरून टोकाला ओघळत होता आणि तिथे मुंग्या लागायला सुरुवातही झाली होती. खालच्या बाजूचे मणी धडधाकट. पण दोन दिवसांत चिरलेल्यांना कूज धरते आणि ती घडभर पसरते, म्हणून ते चांगले मणीही गेल्यात जमा. त्याने पायाजवळची एक गार उचलली, लिंबाएवढी होती, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "घे दादा. लै वाट बघत होतास ना."

तो रागाने म्हणाला नव्हता. त्याने लहानपणीही मला गारा वेचून दिलेल्या होत्या. आजोळच्या अंगणात डोक्यावर घमेले घेऊन पळायचो, परातीत गोळा करून साखर लावून खायचो. तेव्हाही बाहेर कुणाचे काही मोडत असणारच, पण मुलांना ते कोण सांगतो? हौसेचे वय आणि धास्तीचे वय यांच्यात आमच्याकडे फारसे अंतर नसते. सात-बारा नावावर झाला की आभाळाकडे पाहायची नजर बदलते. माझ्या नावावर तो कधी झाला नाही, म्हणून माझी हौस टिकली असावी.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिथे मार्चमध्ये हिमवादळाचा इशारा आला की त्याची पोरे रात्री पायजमे उलटे घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपतात. असे केले की बर्फ पडतो आणि शाळेला सुट्टी मिळते, अशी तिकडच्या मुलांची श्रद्धा. भाचा स्वतः इंजिनिअर, तोही मध्यरात्री उठून पडदा सारून बघतो. हे ऐकून मला हेवा वाटला, बर्फाचा कमी आणि त्या निर्धास्त वाट पाहण्याचा जास्त. तिथेही झाडे पडतात, वीज जाते, म्हातारी माणसे फावडे मारताना जातात; बर्फ तिथे काही निव्वळ गमतीचा नाही. तरी मुलांनी चमचा ठेवावा एवढी जागा त्यात आहे. आमच्याकडे फेब्रुवारीत एखाद्या पोराने 'गारा पडू दे' म्हटले तर आजी त्याच्या तोंडावर हात ठेवील.

म्हणून आमच्याकडचा अंदाज हा प्रकारही वेगळा. पूर्वी सहदेव-भाडळीचे नाव घेत, चंद्राला पडलेले खळे बघत. आता परभणी जिल्ह्यातले पंजाब डख सांगतात ते मोबाइलवरून गावोगाव ऐकले जाते. कुणी मानतात, कुणी वाद घालतात, पण ऐकतात सगळे. महसूल मंडळामंडळात 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप काढले, आमच्या शेजारच्या सोलापुरात ढगांवर कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. माहितीला तोटा नाही. पण चार दिवस आधी 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता' असे वाचून द्राक्षवाल्याने नेमके करायचे काय? माल काढायचा तर साखर अजून भरलेली नाही, व्यापारी भाव पाडून मागतो. ठेवायचा तर 'तुरळक ठिकाण' आपलेच निघू शकते. बागेवर प्लास्टिक टाकायचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. अंदाज अचूक होत गेला तसा हा घोर उलट वाढलाच, असे मला वाटते. पूर्वी गारा येऊन गेल्यावर रडायचे, आता आधी चार रात्री झोप जाते.

मग उशिराच्या थंडीचे स्वागत करायचे की नाही? इथे मला जरा बाजू घ्यायची आहे. गारा वेगळ्या आणि कोरडी थंडी वेगळी. आमचे लोक दोघींना एकाच पदरात बांधतात, ते बरोबर नाही. फेब्रुवारीतली स्वच्छ, निरभ्र थंडी ही रब्बीला मिळालेली वाढीव मुदत असते. गहू सावकाश पक्व होतो, दाणा भरतो; हरभऱ्याचे घाटे पोचट राहत नाहीत. 2023 चा फेब्रुवारी हा 1901 पासूनच्या नोंदींत सरासरी कमाल तापमानात देशातला सर्वांत तापलेला फेब्रुवारी ठरला, त्याआधीच्या वर्षी मार्चने तोच मान मिळवला होता, आणि उत्तरेत गव्हाचा दाणा चिमला. तेव्हा कळले की थंडी लवकर जाणे हेही एक संकटच आहे. फक्त त्याचा आवाज होत नाही आणि त्याचा पंचनामा होत नाही. द्राक्षाचे मात्र दोन्हीकडून मरण. रात्र फार गार आणि दुपार फार गरम झाली की पांढऱ्या जातीचे मणी गुलाबी पडतात, 'पिंक बेरी' म्हणतात त्याला, आणि निर्यातीचा माल स्थानिक बाजारात जातो. निसर्गाने गुलाबी रंग दिला म्हणून भाव पडावा, हा व्यापार मला अजून समजलेला नाही.

यंदाही इशारा आला आहे. उत्तरेत दोन चक्रावात एकामागोमाग, मग आभाळ निवळणार आणि पारा उतरणार. मी सवयीने मामेभावाला फोन लावला. तो मार्केटात होता, मागे क्रेट आपटल्याचे आवाज येत होते. शेवटची गाडी आज भरली, म्हणाला, भाव बरा लागला, बागेत आता घड शिल्लक नाही.

"हरभरा कसाय?" मी विचारलं.

"घाट्यात आहे. अजून आठ दिवस गारवा पाहिजे बघ त्याला." मग जरा थांबून, हसत, "आता येऊ दे दादा तुझी थंडी. पण तेवढीच सांग, बाकीचं सामान घेऊन येऊ नको म्हणावं."