विचार करण्याची किंमत

राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये माहितीशास्त्राविषयी जे येते ते बहुधा आकारमानाविषयी असते. इतक्या कोटी नोंदी, इतक्या क्षमतेचे डेटा सेंटर, नवा महासंगणक. नोंदी वाढल्या की यंत्र मोठे करावे, असे त्या बातम्या गृहीत धरतात. आज मी त्याच क्षेत्रातील एका अगदी लहान वस्तूविषयी लिहीत आहे. ती वस्तू म्हणजे संच. शाळेत महिरपी कंसात लिहिला तोच. डेटाबेस उत्तर शोधू लागण्यापूर्वी जो विचार करतो, त्याचा वेग बऱ्याच अंशी या संचाच्या मांडणीवर ठरतो. आणि त्या विचाराचा खर्च खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या वेळेतून वळता होतो.

मी रायपूरचा. आमच्याकडे भाताला धान म्हणतात, आणि हिवाळ्यातील निम्म्या गोष्टी धानाभोवती फिरतात. छत्तीसगडात सरकारी धान खरेदीचे संगणकीकरण 2007 च्या हंगामापासून आहे. म्हणून उदाहरणही तिथलेच घेतो. यंत्रणा मात्र काल्पनिक समजावी. एक शेतकरी विचारतो, "माझ्या धानाचे पैसे जमा झाले का?" उत्तरासाठी तीन तक्ते जोडावे लागतात: शेतकऱ्यांचा, जमिनीचा आणि पावत्यांचा. आधी सगळ्या पावत्या जमिनीशी जोडून मग त्यांत शेतकरी शोधता येईल. किंवा आधी तो एक शेतकरी काढून त्याच्यापुरत्या पावत्या पाहता येतील. उत्तर दोन्ही वाटांनी एकच, कष्टांत मात्र हजारो पटींचा फरक. काय हवे ते एसक्यूएलमध्ये सांगितलेले असते. कसे मिळवायचे ते सांगितलेले नसते. ते ठरवणाऱ्या भागाला क्वेरी प्लॅनर म्हणतात. आपण त्याला नियोजक म्हणू.

तीन तक्त्यांचे नियोजन हातानेही होईल. दहा तक्ते असतील तर ते जोडण्याच्या वाटा, सर्व प्रकारच्या रचना धरल्या तर, 17,64,32,25,600 होतात; म्हणजे सुमारे 1,764 कोटी. प्रत्येक वाट तपासत बसणे अशक्यच. आयबीएमच्या 'सिस्टिम आर' या प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये जो मार्ग मांडला, तो आजही बहुतेक नियोजकांचा पाया आहे. तक्त्यांच्या प्रत्येक उपसंचासाठी सर्वांत स्वस्त वाट एकदाच शोधावी, लिहून ठेवावी, आणि मोठ्या उपसंचाची वाट लहान उपसंचांच्या लिहिलेल्या उत्तरांतून बांधावी. दहा तक्त्यांचे रिक्त नसलेले उपसंच 1,023. प्रत्येकाचे दोन तुकडे करण्याचे सगळे प्रकार मोजले तरी ते 28,501 भरतात. 1,764 कोटींवरून अठ्ठावीस हजारांवर येणे हा चिंतनातून आलेला लाभ आहे. मोठ्या यंत्रातून तो आलेला नाही.

परंतु या पद्धतीत नियोजकाच्या वहीतील प्रत्येक नोंदीचे नावच एक संच असते. हे दोन गट परस्परांपासून वेगळे आहेत का, त्यांचा संयोग कोणता, ही अट या गटातील तक्त्यांपुरतीच आहे का, असे प्रश्न एका क्वेरीमागे हजारो वेळा पडतात. म्हणून संच कसा लिहावा हा प्रश्न महत्त्वाचा होतो. तक्त्यांची नावे यादीत लिहून एकेक नाव जुळवत बसलो, तर सेलिंजरबाईंनी वाचवलेला वेळ आपण कारकुनीत घालवू.

ज्यांनी वृत्ते शिकताना गण पाडले आहेत त्यांना पुढची युक्ती ओळखीची वाटेल. तीन अक्षरांत लघु-गुरूच्या आठच रचना होतात, म्हणून गण आठ. पिंगलाच्या छंदःशास्त्रातील प्रस्तारात त्यांचा क्रम म, य, र, स, त, ज, भ, न असा येतो. आता पहिले अक्षर म्हणजे शेतकरी, दुसरे जमीन, तिसरे पावती असे माना. तक्ता संचात असेल तर लघु, नसेल तर गुरू. 'म' तिन्ही गुरू, म्हणून रिक्त संच. 'न' तिन्ही लघु, म्हणून पूर्ण संच. क्रमाने शून्यापासून अंक दिले तर म 0, य 1, र 2, स 3, त 4, ज 5, भ 6, न 7. आणि हेच अंक द्विमान पद्धतीत लिहिले, पहिले अक्षर एककाच्या घरात ठेवले आणि लघूच्या जागी 1 लिहिला, तर गणाची रचना जशीच्या तशी समोर येते.

पिंगलाच्या शास्त्रात 'नष्ट' नावाची रीत आहे: क्रमांकावरून रचना काढणे. 'उद्दिष्ट' तिच्या उलट: रचनेवरून क्रमांक काढणे. पिंगलाने संगणक शोधला असे म्हणण्याचा मोह येथे टाळावा. त्याचा विषय छंद होता. पण रचना आणि अंक ही एकाच वस्तूची दोन रूपे आहेत, ही जाण त्या रीतींत निश्चित आहे, आणि नियोजकाचा संच त्याच जाणिवेवर उभा आहे.

कारण संच अंक झाला की संचांवरील क्रिया यंत्राच्या एका आज्ञेत होतात. 'स' म्हणजे शेतकरी आणि जमीन. 'भ' म्हणजे जमीन आणि पावती. दोन्हींचा छेद घ्यायचा तर 3 आणि 6 यांच्या बिटांवर 'अँड' ही क्रिया करावी: उत्तर 2, म्हणजे 'र', म्हणजे एकटी जमीन. संयोगासाठी 'ऑर': उत्तर 7, म्हणजे 'न', तिन्ही तक्ते. कोणतीही यादी चाळावी लागली नाही. उपसंच पाडणेही तितकेच सोपे होते. बेनेट व्हॅन्स आणि डेव्हिड मायर यांनी 1996 मध्ये नियोजनात वापरलेली युक्ती अशी: हाती असलेल्या उपसंचाच्या अंकातून मूळ संचाचा अंक वजा करावा आणि आलेल्या उत्तराचा मूळ अंकाशी 'अँड' करावा, पुढचा उपसंच मिळतो. मूळ संच 5 घेऊन शून्यापासून आरंभ केला तर 1, 4, 5 असे उपसंच ओळीने येतात आणि पुन्हा शून्य येते. ऋण संख्या संगणक कशा लिहितो हे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याने हे कागदावर करून पाहावे. सगळी यंत्रणा दोन क्रियांत मावते, याचा आनंद वाचून मिळत नाही, करून मिळतो.

आजचे यंत्र एका वेळी 64 बिटांचा एक शब्द हाताळते. 2000 मध्ये छत्तीसगड राज्य झाले तेव्हा जिल्हे 16 होते. पुढे 18, 27, 28 होत 2022 मध्ये ते 33 झाले. पावत्यांचा तक्ता जिल्हावार विभागला, म्हणजे त्याची पार्टिशन केली, तरी जिल्ह्यांचा कोणताही संच एका शब्दात मावतो. नवे जिल्हे आले तरी जागा उरते.

आता तोच तक्ता दिवसावार विभागा. वर्षाचे 365 भाग, म्हणजे सहा शब्द. दहा वर्षांचे सुमारे 3,652 भाग, म्हणजे 58 शब्द. यातील शेवटच्या दिवसाचा संच लिहायचा तर घटक एकच, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधीचे 57 शब्द शून्यांचे. तीन तक्त्यांसाठी जी मांडणी सुंदर होती, तीच येथे ओझे होते. एकाच तारखेचा प्रश्न असेल तर नियोजक बाकीचे भाग लगेच वगळतो. पण शेतकऱ्याने दहा वर्षांचा आपला हिशेब मागितला, तर एकही भाग वगळता येत नाही. पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस नियोजनाचा वेळ आणि अंमलबजावणीचा वेळ वेगवेगळा दाखवतो. असा एक रिकामा तक्ता घरच्या संगणकावर करून, त्याला आणखी दोन तक्ते जोडून, मी हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले आहेत. आत एकही नोंद नव्हती, तरी बहुतेक वेळ विचारातच गेला होता.

पोस्टग्रेसमध्ये या संचाचे नाव 'बिटमॅपसेट'. त्यात 2023 मध्ये दोन सुधारणा झाल्या. रिक्त संच एकाच प्रकारे लिहावा, आणि संचाच्या शेवटी शून्यांचे निरर्थक शब्द उरू देऊ नयेत. पाहता पाहता विसरून जावे असे हे नियम. पण त्यांचे मर्म गणिती आहे. एका संचाला एकच रूप असेल तर दोन संच समान आहेत का हे पाहताना आधी लांबी पाहावी. लांबी वेगळी तर संच वेगळे, पुढे पाहण्याची गरजच नाही. एकाच वस्तूची दोन लेखने चालू दिली, की प्रत्येक तुलनेपूर्वी शंका घ्यावी लागते, आणि त्या शंकेलाही वेळ लागतो.

मोठी अडचण वेगळीच होती. 'या तक्त्यातील क्रमांक आणि त्या तक्त्यातील क्रमांक समान' अशा अटींचे नियोजक गट करतो, आणि पार्टिशन असतील तर प्रत्येक भागासाठी त्या गटात एकेक सदस्य वाढतो. सगळे सदस्य एका यादीत, आणि प्रत्येक भागाचा विचार करताना पूर्ण यादी चाळायची. भाग दुप्पट झाले की काम चौपट. युया वातारी आणि डेव्हिड राउली यांच्या कामातून 2025 मधील पोस्टग्रेस 18 मध्ये यावर उपाय आला: भागांचे सदस्य मुख्य यादीतून काढून, भागाच्या क्रमांकानुसार वेगळ्या कप्प्यांत ठेवले. ज्या भागाचा विचार चालू आहे त्याचाच कप्पा उघडायचा.

मला हा उपाय फार शिकवणारा वाटतो. अधिक हुशार संच रचण्यापेक्षा, संचाला नेमका कोणता प्रश्न वारंवार विचारला जातो हे येथे आधी पाहिले गेले. 'हे दोन संच वेगळे आहेत का' हा प्रश्न असेल तर बिटांची ओळ उत्तम. 'या घटकाचे जे काही आहे ते द्या' हा प्रश्न असेल तर कप्पे उत्तम. रचना चांगली की वाईट हे रचनेकडे पाहून ठरत नाही. तिच्याकडे येणाऱ्या प्रश्नांकडे पाहून ठरते.

हे सारे दूरदेशीचे शास्त्र आहे असे समजू नये. आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन यांचे नाव डेटाबेसच्या जगभर शिकवल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकावर आहे. प्रसन रॉय, एस. शेषाद्री आणि सिद्धेश भोबे यांच्यासह त्यांनी 2000 मध्ये, अनेक क्वेरींमध्ये समान असलेला भाग एकदाच करून सर्वांना कसा वाटावा, यावर महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जयंत हरित्सा यांच्या गटाने नियोजकाचे निर्णय रंगीत नकाशांत उतरवले. अंदाज थोडा बदलला की निवडलेली वाट कशी बदलते हे त्यांत दिसते. ते नकाशे इतके चमत्कारिक निघाले की त्या साधनाला 'पिकासो' हे नाव मिळाले.

त्या नकाशांचा एक इशाराही आहे. वेगाने केलेला विचार बरोबर असेलच असे नाही. किती नोंदी निघतील हा अंदाज चुकला, तर चपळ संचांवर उभा असलेला नियोजकही आडवाटेला जातो. मग संचांवर इतकी मेहनत कशासाठी? याचे उत्तर नियोजकाच्या मर्यादेत आहे. पोस्टग्रेसमध्ये जोडायचे तक्ते बारा किंवा अधिक झाले, की मूळ व्यवस्थेनुसार तो सर्व उपसंचांचा शोध सोडून देतो आणि उत्क्रांतीच्या धर्तीवर काही वाटाच चाचपतो. तो निर्बुद्ध झालेला नसतो. विचार परवडत नाही म्हणून थांबलेला असतो. संचावरील प्रत्येक क्रिया जितकी स्वस्त होईल, तितका ही सीमा पुढे नेण्याला वाव मिळतो. येथे वेग हा विचाराला पर्याय म्हणून नको असतो. अधिक विचार परवडावा म्हणून हवा असतो.

रायपूरच्या एनआयटीत, नवा रायपूरच्या ट्रिपलआयटीत किंवा कोणत्याही गावच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना म्हणून एवढेच सांगावेसे वाटते. या विषयासाठी महासंगणक लागत नाही. पोस्टग्रेस विनामूल्य मिळतो, बिटमॅपसेटचा मूळ कोड उघडा आहे, आणि नववीचा संच तुम्हाला येतोच. एक तक्ता करा, त्याचे दहा भाग करा, मग शंभर, मग हजार, आणि प्रत्येक वेळी नियोजनाचा वेळ टिपून ठेवा. त्या आकड्यांचा आलेख काढा. तो सरळ रेषेत चढतो की वर वळतो, हे पाहिले की कोणता प्रश्न विचारायचा ते आपोआप सुचेल.