पट्ट्या नसलेली पेटी

हामामात्सु. जपानमधलं वाद्यांचं गाव. तिथल्या हॉटेलच्या खोलीत एका मुक्या डब्याला बोलतं करायला गेलेल्या शनिवारची गोष्ट.

नागोयाहून सुटलेल्या कोदामा शिंकान्सेनमध्ये माझ्या मांडीवर एक डबा होता. टिफिनचा नव्हे. लांबीला फूटपट्टीएवढा, वजनाला हलका, वर बारीक बारीक सरकपट्ट्या आणि बटणांची गर्दी. नाव रोलँड जेपी-०८. २०१५ साली बाजारात आलेला साउंड मॉड्यूल. म्हणजे काय, तर सिंथेसायझरचा मेंदू आहे, गळा आहे, पण वाजवायच्या पट्ट्याच नाहीत. त्या आपण बाहेरून जोडायच्या.

आठवड्यापूर्वी नागोयातल्या एका सेकंडहँड दुकानात हा दिसला आणि माझा ऑनसाइट भत्ता पाच मिनिटांत उडाला. त्याच रात्री व्हिडिओ कॉलवर डोंबिवलीला दाखवला. आई म्हणाली, "छान आहे, पण आहे काय ते?" बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पट्ट्या कुठायत याला?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आमच्या घरात या विषयावर एवढंच बोललं जातं. बाबा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. दिवसा नोकरी, रात्री गणपती, कोजागरी, लोकांच्या लग्नातली 'संगीत संध्या'. रोलँडचाच जुना कीबोर्ड होता, त्याला निळं रेक्झिनचं कव्हर. २०१४च्या जूनमध्ये माझी इंजिनीअरिंगची अॅडमिशन झाली आणि तो कोपरा रिकामा झाला. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मंडळवाले अजून दरवर्षी बोलवायला येतात. "आता हात चालत नाही," हे ठरलेलं उत्तर.

हा डबा मी कोणासाठी घेतला, हे वेगळं सांगायला नकोच. पण आधी तो मला वाजवता यायला हवा होता. आणि वाजवायला शिकायचं तर हामामात्सुसारखी जागा नाही, असं मी स्वतःला पटवून दिलं. (खरं कारण: वीकेंडला रूमवर बसून कंटाळा आला होता.)

पेटीचे पाहुणे

टोकियो आणि ओसाकाच्या मधोमध असलेलं हे शहर आपल्याला नावानं माहीत नसतं, पण आपल्या घरात असतं. सुझुकी इथलीच. १९०९ मध्ये हातमाग-यंत्रमाग बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली. यामाहा इथली, कावाई इथली, आणि ओसाकात १९७२ साली जन्मलेल्या रोलँडचं मुख्यालयही आता इथेच. स्टेशनबाहेर आलात की २१२ मीटर उंच अॅक्ट टॉवर दिसतो. शहरवाले सांगतात, त्याचा आकार माउथऑर्गनसारखा आहे. मान वाकडी करून पाहिलं. पटलं.

तिथून चालत काही मिनिटांवर वाद्यांचं संग्रहालय आहे. १९९५ पासूनचं. आत काचेच्या कपाटांमधून सगळं जग वाजत असतं, म्हणजे कानाला हेडफोन लावायचा आणि समोरच्या वाद्याचा आवाज ऐकायचा. मी गॅमेलान पाहिलं, युरोपातले जुने पियानो पाहिले, आणि पाय रोवून उभा राहिलो तो पायानं भाता मारायच्या ऑर्गनसमोर. संगीत नाटकात वाजायचा तोच. आपल्या पेटीचा थोरला भाऊ.

या गावाची सगळी गोष्ट याच वाद्यापासून सुरू होते. १८८७ मध्ये इथल्या प्राथमिक शाळेतला परदेशी ऑर्गन बिघडला. दुरुस्तीला बोलावलं तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला. त्यानं तो उघडला, दुरुस्त केला आणि ठरवलं की असा आपणही बनवू. बनवला. मग तो खांद्यावर घेऊन हाकोनेचे डोंगर पायी ओलांडत टोकियोच्या संगीतशाळेत नेला. अंतर सुमारे २५० किलोमीटर. तिथे निकाल काय लागला? दिसायला छान, पण सूर चुकलेत. गडी खचला नाही. तिथेच राहून सूर लावण्याचं शिक्षण घेतलं, परत आला, दुसरा बनवला. आजच्या यामाहाच्या चिन्हातले तीन चिमटे म्हणजे सूर जुळवायचे ट्यूनिंग फोर्क आहेत. मोटरसायकलच्या टाकीवरही तेच.

हे वाचताना मला बॅगेतल्या डब्याचं वजन जरा जास्तच जाणवलं. मी तर ट्रेननं आलो होतो.

यजमान कोण?

दुपारी हॉटेलवर चेक-इन केलं. जपानी बिझनेस हॉटेलची खोली म्हणजे आपल्याकडची बाल्कनी. पलंगावर बसलं की गुडघे टेबलाला लागतात. डबा टेबलावर ठेवला, खाली चार पेन्सिल सेल घातले, हेडफोन लावला. लाइट लागले! दिवाळी! भारतातून येताना आणलेला पंचवीस पट्ट्यांचा छोटा यूएसबी कीबोर्ड काढला, वायर डब्याला लावली आणि सा दाबला.

शांतता.

आवाज वाढवला. शांतता. वायर काढून लावली, सेल काढून घातले, आयटीतला माणूस जे जे करतो ते सगळं केलं. शांतता. शेवटी दोन्ही वस्तू बॅगेत टाकल्या आणि स्टेशनजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो.

तिथल्या सेल्समननं माझं मोडकं जपानी शांतपणे ऐकलं आणि कागदावर दोन चौकोन काढले. दोन्हींच्या डोक्यावर एकच खूण. मला लख्ख कळलं. यूएसबीत एक यजमान लागतो, बाकीचे सगळे पाहुणे. कीबोर्ड पाहुणा, मॉड्यूलही पाहुणा. दोघं एकमेकांच्या दारात ताटकळत उभे, चहा ठेवणार कोण? मध्ये कम्प्युटर लागतो. माझ्याकडे होता ऑफिसचा लॅपटॉप. त्यात ड्रायव्हर टाकायचा तर हेल्पडेस्कला तिकीट टाका, मॅनेजरचं अप्रूव्हल घ्या, 'बिझनेस जस्टिफिकेशन' लिहा. काय लिहू, भूप?

त्या माणसानं मागच्या कपाटातून एक जुना छोटा कीबोर्ड काढला. त्याला मागे गोल भोक, त्यात पाच छिद्रं. आणि एक काळी केबल. मिडी! १९८३ साली कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलेली वाद्यांची बोलीभाषा. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या प्रदर्शनात रोलँडचं एक वाद्य आणि प्रतिस्पर्धी कंपनीचं एक वाद्य एका वायरीनं जोडलं. एक वाजवलं, दुसरं बोललं. या कामासाठी रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मिडीची वायर आवाज नेतच नाही. नेते फक्त निरोप: कोणती पट्टी, किती जोरात दाबली, कधी सोडली. यजमान वगैरे भानगड नाही. एक सांगतो, दुसरा ऐकतो. माझ्या जन्माआधीची ही भाषा आजही जशीच्या तशी चालते.

कीबोर्ड चालतो का हे दाखवायला त्यानं तो दुकानातल्या एका वाद्याला जोडला आणि बोटं काळ्या पट्ट्यांवरून फिरवली. फक्त काळ्या. आणि बॉस, माझ्या अंगावर काटा आला. भूप! काळी तीनला सा धरलात तर पाचही काळ्या पट्ट्या भूपच्या. शाळेतलं जुनं जपानी गाणं आहे, असं तो म्हणाला. स्वरांच्या या मांडणीला ते 'योनानुकी' म्हणतात. यो म्हणजे चौथा, ना म्हणजे सातवा, नुकी म्हणजे वगळलेला. चौथा आणि सातवा वर्ज्य. मध्यम आणि निषाद वर्ज्य! पेटीच्या क्लासला घोकलेलं वाक्य मी जपानीत ऐकत होतो.

चॅनल जुळवा

खोलीवर परत. केबल लावली. पुन्हा शांतता. यावेळी मात्र घाबरलो नाही. आधी पाहिलं तर कीबोर्डच्या 'आउट'मधून आलेली वायर मी मॉड्यूलच्याही 'आउट'मध्ये खुपसली होती. 'इन'मध्ये लावली. तरीही गप्प. मग आठवलं, मिडीत १६ चॅनल असतात. कीबोर्ड पहिल्या चॅनलवर सांगत होता आणि आधीच्या मालकानं मॉड्यूल भलत्याच चॅनलवर लावून ठेवला होता. दोघं बोलायला तयार, ऐकायला तयार, आणि तरी एक शब्द पोचत नाही. (ओळखीचं वाटतंय?) सेटिंगमध्ये जाऊन नंबर जुळवला. सा दाबला.

आला! जाड, उबदार, किंचित थरथरता. हा डबा म्हणजे रोलँडच्या १९८१ सालच्या ज्युपिटर-८ची डिजिटल आवृत्ती. मूळ वाद्यात खरी सर्किट होती, यात त्या सर्किटचं वागणं गणितानं घडवलंय. तो धूड होता, हा फूटपट्टीएवढा. फरक एक: त्यात आठ सूर एकत्र लागायचे, यात चारच. पाचवी पट्टी दाबली की आधीचा एक सूर गुपचूप उठतो. डोंबिवलीकराला हे समजवावं लागत नाही. आम्ही चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून वाढलोय.

मग खेळत बसलो. फिल्टरची सरकपट्टी खाली आणली की आवाज गोधडीत शिरल्यासारखा होतो, वर नेली की धारदार. डावीकडे बोट सरकवायच्या दोन स्पर्शपट्ट्या आहेत, त्यातल्या एकीवर सूर वरखाली ओढता येतो. म्हणजे मींड! पेटीला हेच येत नाही म्हणून किती टोमणे ऐकावे लागले तिला. आकाशवाणीनं १९४० मध्ये चक्क बंदी घातली होती, ती तीनेक दशकं चालली. इथे एका बोटाच्या सरकण्यानं गंधारावरून पंचमावर अलगद जाता येत होतं. पहिल्या वीस वेळा पंचम चुकला, हा भाग वेगळा.

रागदारी आणि ज्युपिटर म्हटलं की एक नाव घ्यायलाच हवं: चरणजित सिंग. मुंबईतले सिनेमाचे वादक. १९८२ मध्ये त्यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलँडची तीन यंत्रं जोडली आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एचएमव्हीची रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. २०१० मध्ये ती युरोपात पुन्हा निघाली आणि लोक चाट पडले, कारण शिकागोच्या क्लबांतलं 'अॅसिड हाउस' जगाला माहीत व्हायच्या कितीतरी आधी मुंबईत एक माणूस तसं काही वाजवून मोकळा झाला होता. २०१५च्या जुलैमध्ये ते गेले. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी हा छोटा ज्युपिटर आला.

शेपूट

रात्रीचे दहा वाजले होते, डोंबिवलीत साडेसहा. फोन लावला, हेडफोन काढला. मॉड्यूलला स्वतःचा इवलासा स्पीकर आहे. काहीच न बोलता भूपची आरोही-अवरोही वाजवली. टीव्हीचा आवाज बंद झाला.

"भूप ना?" बाबा म्हणाले.

"हो."

"सूर तुटतायत. प्रत्येक सुराला शेपूट ठेव थोडी."

मला कळेना. "उजवीकडे चार सरकपट्ट्या असतील बघ एकत्र," ते म्हणाले. "सूर चढायला किती, उतरायला किती, टिकायचा किती आणि सोडल्यावर मरायला किती. ती चौथी वर कर. थोडीच."

या चार सरकपट्ट्यांचे दोन संच असतात. आवाजाच्या संचातली चौथी मी वर केली. पट्टी सोडल्यावरही सूर खोलीत रेंगाळला आणि पुढच्यात मिसळला. समोर आई उभी होती, तिच्या हातातला झारा तसाच.

"आता गंधारावर थांब जरा. घाई कसली?"

थांबलो. पुढचा पाऊण तास त्यांनी मला डोंबिवलीतून एकेक सरकपट्टी सांगितली. हा डबा त्यांनी आयुष्यात हाताळला नव्हता. पण दहा वर्षं 'हात चालत नाही' म्हणणाऱ्या माणसाची बोटं स्क्रीनवर मला दिसत होती. सोफ्याच्या हातावर चालत होती.

फोन ठेवताना नेहमीच्या सूचना आल्या. "येताना तो डबा हातातल्या बॅगेत ठेव. सामानात टाकू नकोस. सेल काढून ठेव." मी हो म्हणालो.

"आणि तिथून पट्ट्या आणू नकोस, ओझं होईल. पट्ट्यांचं मी बघतो इकडे." मग थोडं थांबून, "पाच पिनावाल्याच लागतील ना?"

जायचंय?

कसं जाल: टोकियो किंवा नागोयाहून शिंकान्सेन. सगळ्यात वेगवान नोझोमी इथे थांबत नाही. कोदामा किंवा इथे थांबणारी हिकारी पकडा.

काय पाहाल: वाद्यांचं संग्रहालय (हेडफोनसकट अर्धा दिवस हाताशी ठेवा) आणि यामाहाचं 'इनोव्हेशन रोड'. दुसऱ्यासाठी आधी बुकिंग करून जा.

काय खाल: इथली ग्योझा प्रसिद्ध, मधोमध उकडलेले मोड ठेवून देतात. आत बहुतेकदा पोर्क असतं, शाकाहारींनी आधी विचारावं. खाणाऱ्यांसाठी हामाना तळ्याच्या परिसरातली उनागी, म्हणजे ईल मासा.

सोबत काय न्याल: चार जादा पेन्सिल सेल. आणि पाच पिनांची एक केबल.