झाडूचा दांडा

परवा मिनेसोटाहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. स्वारी गॅरेजमध्ये बसून झाडूचा जुना दांडा करवतीने कापत होती!

"अरे, हे काय चाललंय?"

"बंदुकीत घालायचाय, मामा."

तो मित्रांबरोबर बदकांच्या शिकारीला जायला लागलाय. त्याच्या बंदुकीला नळीखाली काडतुसं ठेवायची आणखी एक नळी आहे. तिच्यात चार मावतात, एक वरच्या नळीत; एकूण पाच. पण अमेरिकेत १९३५ पासून नियम आहे : स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर बंदूक धरायची तर तिच्यात तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. म्हणून रिकाम्या बंदुकीची टोपी काढायची, स्प्रिंगच्या आत हा तुकडा सोडायचा आणि टोपी पुन्हा घट्ट करायची. तुकडा अखंड हवा, आणि बंदूक खोलल्याशिवाय निघायला नको.

"पहाटे तळ्यावर बघायला कोण येतंय?" मी विचारलं.

"बऱ्याचदा कोणीच नाही," तो हसला. "म्हणून तर घरूनच घालून निघायचं."

मला अण्णा आठवले, माझे आजोबा. कन्नडजवळ आमच्या मळ्यात त्यांची ठासणीची बंदूक असायची, पीक राखायच्या परवान्यावर. दारू, चिंधी, छर्रे ठासायचे. एक बार काढला की पुन्हा भरेपर्यंत डुक्कर गौताळ्याच्या डोंगरात! त्यामुळे नेम पक्का होईपर्यंत अण्णा थांबायचे. बहुतेक रात्री बार न काढताच परत यायचे. त्यांचा अर्धा संयम त्या बंदुकीचाच होता, असं आता वाटतं.

पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९८६ ला गौताळा अभयारण्य झालं. अण्णा गेले, बंदूक गेली. डुकरं आहेतच. मागच्या हंगामात त्यांनी एका रात्रीत आमचा अर्धा एकर मका लोळवला. रागाच्या भरात मी कुंपणात वीज सोडायला तार आणली. बेकायदा आहे, माहीत होतं. पण विजेला मोजदाद नसते हो. डुक्कर, कुत्रं, रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी... तिला सगळे सारखेच. २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत वाघ आला, तोही याच डोंगरात.

तारेचं वेटोळं वर्षभर गोठ्यात टांगलेलं होतं. लावायचं धाडस नाही, टाकून देववत नाही. 'वेळ पडली तर' म्हणून ठेवलेलं.

काल भंगारवाल्याला देऊन टाकलं. आता मचाणावर बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन बसतो. झोपेचं खोबरं होतं, थोडा मका जातोच.

असो. जाऊ दे.