परसातली फरशी

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून तुळशीवृंदावन 24 फुटांवर आहे. मोजमापाच्या बाबतीत आम्ही फार काटेकोर आहोत अशातला भाग नाही. पण हे अंतर आम्ही दोन वर्षांत दोनदा फितीने मोजले, आणि दोन्ही खेपेस त्यापायी पैसेही मोजले. पहिल्या खेपेचे पैसे पाण्यात गेले. नुसते पैसेच गेले असते तर हे लिहावयास बसलो नसतो.

बेळगावच्या पावसाचे वर्णन बेळगावकरांपुढे काय करावे? गोव्याकडील वाचकांना एवढेच सांगतो की, घाट चढताना तो आपला बराचसा जोर तुमच्याकडेच ठेवून येतो, पण चिकाटी मात्र बरोबर आणतो. आषाढात झड लागली की आमच्या परसातील तांबड्या मातीचे लोणी होते. आईने ऐंशी ओलांडली आहे. पण तुळशीपुढची तिची सांजवात कधी चुकली नाही. श्रावणभर तिच्या पातळाचा काठ तांबडाच असावयाचा. तेव्हा शहाबादी फरशीची तीन फूट रुंदीची वाट करावी असे घरात ठरले. दोन फूट बाय दीड फूट अशा 24 फरश्या आणल्या.

गवंड्याने खोदाई, खडी, कोबा अशी यादी सुरू करताच आम्ही त्याला अडविले. वाटेवरून काय मालमोटार जावयाची आहे? जाणार एक म्हातारी बाई, हातात निरांजन! त्याने एकवार आमच्याकडे पाहिले आणि मान हलविली. मालक म्हणेल ते खरे. मग वरची माती सारखी केली. प्रत्येक फरशीखाली चार कोपऱ्यांना चार आणि मधोमध एक असे मालाचे पाच गोळे ठेवले. वरून फरशी दाबली, दरजा भरल्या, आणि दोन दिवसांत काम फत्ते झाले. वाट दिसावयास मोठी देखणी होती. शेजारच्या आजी मूळच्या मडगावच्या. त्या कौतुकाने पाहावयास आल्या, तिसऱ्या फरशीवर थबकल्या आणि म्हणाल्या, "फातर हालता रे!" आम्ही म्हणालो, "नवीन आहे आजी, बसेल."

ती बसली नाही. पहिल्या पावसात तिच्यावर पाय ठेवला की दरजेतून तांबड्या पाण्याची चूळ पिंडरीवर येऊ लागली. पोकळीत मुंग्यांनी वारूळ थाटले आणि उरलीसुरली माती दाणा दाणा करून बाहेर आणून टाकली. दोन फरश्या मधोमध तडकल्या. आम्ही ते पाहत होतो, आणि पावसाळा सरल्यावर बघू असे म्हणत होतो. भाद्रपदातील एका संध्याकाळी ती तिसरी फरशी कलली आणि आई पडली. उजवे मनगट मोडले. निरांजन गुलबक्षीच्या ताटव्यात सापडले.

हाडाला सहा आठवडे प्लास्टर होते. ते निघाल्यावर हात हळूहळू चालू लागला, पण आई परसात जाईना. सांजवात ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावरच ठेवी आणि तेथूनच हात जोडी. आमच्या काटकसरीबद्दल ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

दिवाळीनंतर आम्ही दुसऱ्या मेस्त्रींना बोलाविले. हे वयाने आमच्याहून वडील. घरची भाषा कन्नड, आमच्याशी बेळगावी मराठी. आल्याबरोबर त्यांनी थापी उलटी धरली आणि तिच्या लाकडी मुठीने एकेक फरशी वाजवीत गेले. भरीव फरशी 'ठक्' असा आखूड आवाज देते, पोकळ फरशी मडक्यासारखी घुमते. चोवीसपैकी पंधरा घुमल्या. "मालक, पोट रिकामं ठेवलंय की ओ हिचं," ते म्हणाले.

दगडाचे म्हणणे असे आहे की, माझ्यावर वाटेल तेवढे ओझे ठेवा, मी सोशीन. पण मला वाकवू नका. सव्वा इंच जाडीची फरशी पाच गोळ्यांवर ठेवली की मधल्या पोकळीवर तिला वाकावेच लागते, आणि वाकणे तिला ठाऊक नाही. त्यात शहाबादी दगड म्हणजे मूळचा समुद्रतळाचा गाळ. कोट्यवधी वर्षांपूर्वी थरावर थर बसत गेला, त्याचा चुनखडक झाला. म्हणूनच खाणीत त्याच्या लाद्या अलगद सुटतात. जो दगड स्वतःच थरावर थर बसून घडला, त्याला आम्ही पाच गोळ्यांवर तोलून धरावयास निघालो होतो!

आमचे आजोळ शहापुरातले. 1948 सालापर्यंत शहापूर सांगली संस्थानात होते, आणि आजोळचा वाडा त्याहूनही जुना. तो पाडला तेव्हा चौकातील फरशी उचलावयास पहार लागली होती, आणि फरशीबरोबर खालच्या चुन्याचे ढलपे निघाले होते. घाण्यात बैलांकडून मळून घेतलेला तो चुना. चुना सावकाश हवेतील कर्बवायू शोषतो आणि कालांतराने पुन्हा दगड होतो. म्हणजे वरही चुनखडक, खालीही चुनखडक. आमच्या परसातल्या फरश्या मात्र मेस्त्रींच्या नातवाने बोटांनी उचलून भिंतीशी रचून ठेवल्या. अर्ध्या तासाचे काम!

पुढचे काम आठवडाभर चालले. नऊ इंच खोल खोदून बागेची भुसभुशीत खतमाती काढून टाकली. पाणी मारून धुमसाने तळ ठोकला. निपाणीकडे असते तर याहून खोल जाऊन मुरूम भरावा लागला असता, असे मेस्त्री म्हणाले. तिकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर काही स्थिर ठेवणे कठीण. आमची तांबडी माती त्या मानाने गरीब. तिच्यावर चार इंच खडी, खडीवर कोबा.

मग खरा माल. एक भाग सिमेंट, पाच भाग चाळलेली वाळू, आणि पाणी अगदी बेताचे. मुठीत दाबले तर लाडवासारखे वळावे, पण तळहात ओला होऊ नये. नातू जास्त पाणी घालू लागला की मेस्त्री ओरडत. एरवी "नीर हाक" एवढेच. दीड इंच थर सलग पसरून पाट्याने ओढला. तीन फुटांच्या रुंदीत बागेच्या अंगास अर्धा इंच उतार ठेवला. फरशी धुऊन, भिजवून, पाठीला सिमेंटचा पातळ घोळ लावून बसविली, लाकडी मोगरीने ठोकली, पाणसळ ठेवून पाहिली आणि पुन्हा उचलली! आम्ही चकित झालो. मेस्त्रींनी फरशी उलटी करून दाखविली. जेथे माल टेकला होता तेथे ओला डाग, जेथे टेकला नव्हता तेथे कोरडा दगड. त्या कोरड्या जागेखाली थापीभर माल टाकला आणि फरशी परत बसविली. चोवीसही फरश्या अशा दोनदा बसल्या. दोन तडकलेल्यांच्या जागी नव्या आल्या.

कोणी म्हणेल, हल्ली सिमेंटचे ठोकळे मिळतात, ते वाळूवर मांडले की झाले. मोटारीच्या वाटेला ते चांगले, पाणीही जमिनीत मुरू देतात. पण त्यांच्या खाचांत म्हातारीच्या काठीचे टोक अडकते. आम्हांला काठीचा विचार करावयाचा होता.

दुसऱ्या दिवशी दरजा भरल्या, गोणपाटे अंथरली. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावयाचे आणि पाय ठेवावयाचा नाही, अशी मेस्त्रींची ताकीद. आई दारात खुर्ची टाकून गोणपाटांकडे पाहत बसे. कोरडे दिसले की आम्हांला हाक मारी.

आठव्या दिवशी सायंकाळी गोणपाटे काढली. आम्ही हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. डाव्या हातात निरांजन, उजव्या हातात काठी. पहिल्या फरशीवर तिने काठी आपटली आणि कान देऊन उभी राहिली. मग पाऊल टाकले. दुसऱ्या फरशीवर पुन्हा तसेच. तिसऱ्या फरशीवर काठी तीनदा वाजली. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून पाहत होत्या. आई वृंदावनाशी पोहोचेपर्यंत वाऱ्याने वात विझून गेली होती. काड्यापेटी आणावयास आम्ही घराकडे वळलो, तोच तिने मागून विचारले, "रे, कडेच्या फरश्या कोण वाजवणार?"