नेम हाताचा की हाडांचा?

मुलांनो, १ ऑगस्ट २०२४ची दुपार तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी. वडील शिक्षक, आई तेव्हा गावची सरपंच. आम्हा शिक्षकमंडळींना तर घरातलंच कुणी जिंकल्यासारखं वाटलं! वर्गात पेढे वाटून झाले, फोटो भिंतीवर लागला. मी मात्र त्याचे गुण वहीत उतरवून ठेवले होते, कारण त्यात एक गंमत आहे.

या स्पर्धेत तीन तऱ्हांनी नेम धरावा लागतो. आधी एक गुडघा टेकून, मग पालथं पडून आणि शेवटी उभं राहून. अंतिम फेरीत एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण. स्वप्नीलने गुडघ्यावर बसून १५ गोळ्यांत १५३.३ गुण मिळवले, पालथं पडून १५ गोळ्यांत १५६.८ आणि उभ्याने १४ गोळ्यांत १४१.३. आता भागाकार करा पाहू! (करा म्हणजे कराच, पुढचं वाक्य हाताने झाका.) एका गोळीची सरासरी आली १०.२२, १०.४५ आणि १०.०९. माणूस तोच, डोळा तोच, रायफल तीच, अंतरही तेच. मग गुण का बदलले?

पालथं पडल्यावर पोट, मांड्या आणि दोन्ही कोपरं जमिनीला टेकलेली असतात. शिवाय डाव्या दंडाला पट्टा अडकवून तो रायफलीला बांधलेला. कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड म्हणजे जणू खांबच, आणि रायफल त्यावर विसावलेली. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या त्या याच प्रकारात, ६०० पैकी ५९७ गुण मिळवून! गुडघ्यावर बसलं की डावं कोपर डाव्या गुडघ्यावर येतं. पट्टा असतो, पण जमिनीचा आधार कमी होतो. आणि उभं राहिलं की उरतात फक्त दोन तळवे. तिथे पट्टा लावायलाही परवानगी नाही. म्हणून उभे नेमबाज नीट पाहा, ते थोडे मागे रेललेले दिसतील. डावं कोपर कमरेच्या हाडाशी टेकवून ते रायफलीचं ओझं हाडांवरून थेट पायांत उतरवतात. स्नायूंनी ओझं धरलं की ते दमतात, थरथरतात. हाडं दमत नाहीत.

थरथर ती केवढी, असं वाटेल तुम्हांला. तर हिशेब ऐका. ५० मीटरवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाची रुंदी १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढी. खांद्यापासून एक मीटर पुढे असलेलं नळीचं टोक वहीच्या एका पानाच्या जाडीएवढं, म्हणजे ०.१ मिलिमीटर, सरकलं तर ५० मीटरवर गोळी ५ मिलिमीटर सरकते. मधोमध लागायची ती थेट वर्तुळाच्या काठाशी गेली!

बारावीला असताना मी एन.सी.सी.त होते. आम्ही पालथं पडून पॉइंट टू टू रायफल चालवायचो. शेजारच्या मैत्रिणीच्या पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जवळ जवळ, पण सगळ्या डावीकडे. ती रडकुंडीला आली. आमचे उस्ताद मात्र खूश! गोळ्या एका जागी पडतात म्हणजे दस्ता खांद्याच्या त्याच खळगीत आणि गाल दर वेळी त्याच जागी टेकतोय. तेच तर अवघड असतं. विखुरलेल्या गोळ्यांना औषध लवकर सापडत नाही. मग त्यांनी तिला नेम धरायला सांगितला, डोळे मिटायला लावले, दोन श्वास शांतपणे घ्यायला सांगितले. डोळे उघडले तर माशी डावीकडे गेलेली. म्हणजे तिचं शरीर डावीकडेच पाहत होतं. ती हाताच्या जोराने रायफल मध्यावर ओढून धरत होती आणि चाप दाबताना जोर सुटला की रायफल आपल्या जागी परत जात होती. उस्तादांनी रायफलीला हातही लावला नाही. तिचे दोन्ही पाय धरून, डावं कोपर जागच्या जागी ठेवून, तिला वीतभर डावीकडे सरकवलं! पाय डावीकडे गेले की नळी उजवीकडे वळते, नाही का?

हे सगळं मी यंदा वर्गात सांगितलं ते एका चौथीतल्या मुलामुळे. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत त्याचं लिंबू नेहमी आधी पडतं, म्हणून पोरं त्याला 'लिंब्या' म्हणतात. स्वप्नीलचा फोटो पाहून तो म्हणाला, "बाई, मला नेमबाज व्हायचं होतं, पण माझा हात हलतो ना." मला ते 'होतं' फार लागलं. नऊ वर्षांच्या पोराने 'होतं' म्हणावं?

मग आम्ही छत्री घेतली. (छत्रीच घ्यायची बरं का, बंदूक नको, खेळण्यातलीसुद्धा नको.) भिंतीवर खडूचा ठिपका काढला आणि पाच पावलांवर उभे राहिलो. मुठीचं टोक खांद्याला, गाल दांड्याला, डावं कोपर कमरेशी. ठिपक्यावर नेम धरून सगळ्यांनी आळीपाळीने डोळे मिटले. उघडले तर एकाचीही छत्री ठिपक्यावर नव्हती, वर्गातल्या सगळ्यांत धीट मुलीचीसुद्धा! जो तो हाताने छत्री ओढायला लागला. आमच्या लिंब्याने मात्र तसं केलं नाही. त्याने उजवी टाच दोन बोटं मागे सरकवली, पुन्हा डोळे मिटले, श्वास सोडला आणि बघितलं. छत्रीचं टोक थोडं थरथरत होतं, पण ठिपक्याभोवतीच.

"बाई," तो डोळा न हलवता म्हणाला, "आता ती आपली आपणच तिकडं बघतीय."