बांधावरचं हिंगणबेट

इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. त्याच नाशिक जिल्ह्यात येवला, नांदगावकडे त्याचा पाचवा हिस्सा पडला तरी शेतकरी समाधान मानतो. या कोरड्या पट्ट्यात हिंगणबेट तग धरतं. थरपासून सहारापर्यंत वाढणारं हे झाड भर उन्हाळ्यातही हिरवं राहतं, आणि अंगावर बोटभर लांबीचे काटे बाळगतं.

औषधासाठी हे झाड वापरणाऱ्या वैद्याची खरी कसोटी फळ हातात आल्यावर लागते. पिवळट, ठिसूळ साल सोलली की बोटांना चिकटणारा कडवट-गोड गर लागतो. आत टणक आठी. ती फोडताना घाव जोरात बसला तर आतल्या मगजाचा चुरा होतो, हलका बसला तर आठी उसळून लांब जाते. मगज मात्र जवळपास निम्मा तेलाचा. भाजल्या-खरचटल्यावर आणि चेहऱ्यावरच्या वांगावर हे तेल लावतात. डांग्या खोकल्यावर फळ देतात, जंतांवर साल.

आयुर्वेदात हीच इंगुदी. कालिदासाची शकुंतला दर्भाने तोंड कापलेल्या पाडसाच्या जखमेला इंगुदीचं तेल लावते. कवीला ते समजावून सांगावं लागलं नाही, इतका तो उपचार रुळलेला होता.

खरी मेख आहे ती मात्रेत. गर पाण्यात चोळला की रिठ्यासारखा फेस येतो, म्हणून त्याने रेशमी कपडे धूत. फेस आणणारं ते सॅपोनिन मासेही मारतं. याच फळाने पाण्यातल्या गोगलगायी मारून त्यांच्यामार्फत पसरणाऱ्या बिलहार्झिया रोगाला आळा घालता येईल, असं आर्चिबाल्ड या संशोधकाने १९३३ साली सुदानमधल्या कामावरून मांडलं. असलं जहाल द्रव्य लेकराच्या पोटात अंदाजपंचे घालायचं नसतं. डांग्या खोकल्याला आज लस आहे. खोकून निळं पडणारं मूल आधी दवाखान्यात न्यावं. तेल बाहेरून लावणं वेगळं, पोटात घेणं वेगळं, हा भेद जुन्या जाणत्यांना पक्का ठाऊक होता.

कांद्या-द्राक्षांसाठी रान सपाट करताना जेसीबी पहिल्यांदा बांधावरची काटेरी झाडंच उपटतो. मग औषधाला फळ आणायचं कुठून, आणि शेळ्यांनी टळटळीत उन्हात पाला खायचा कशाचा?

येवला, नांदगाव, मालेगावकडे तुमचं शेत असेल तर एखादं हिंगणबेट बांधावर राहू द्या. त्याला पाणी घालावं लागत नाही, आणि मुळांतून फुटवे आपोआप येतात.